किती होतील ते नंतर कळेल

डॅलसच्या आसपास राहणाऱ्या मराठी लोकांची दिवाळी आली, हे दोन गोष्टींवरून ओळखावं. एक म्हणजे इंडियन ग्रोसरीतली भाजणीच्या पिठाची पाकिटं संपतात. दुसरं म्हणजे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत लोक एकमेकांना विचारायला लागतात, "यंदा पीपीओच ठेवलंत की हाय डिडक्टिबल घेतलंत?" हे आरोग्य विम्याचे दोन प्रकार. बहुतेक कंपन्यांत पुढच्या वर्षीचा विमा निवडायची मुदत ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे ऐन फराळाच्या दिवसांत. एकदा निवडलं की वर्षभर तेच. लग्न, बाळंतपण, नोकरी जाणं असं काही घडलं तरच मध्ये बदल करता येतो. त्यामुळे चिवड्याची बशी हातात धरून जुने लोक नव्यांना समजावत असतात आणि नवे लोक "हो, हो" म्हणत असतात. त्या "हो, हो"चा अर्थ काहीही कळलेलं नाही असा असतो. मी या रांगेत दोन्ही बाजूंनी उभी राहिलेली आहे.

आम्ही आलो तेव्हा नवरा एचवनबी या नोकरीच्या व्हिसावर आणि मी त्याच्यामागोमाग एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. व्हिसात जशी, तशीच विम्यातही मी 'डिपेन्डंट'. कार्ड टपालाने आलं. त्यावर माझं नाव, ग्रुप नंबर आणि बारीक अक्षरांत चार-पाच आकडे. आपल्याकडे मेडिक्लेमचा हप्ता भरला की पुढचं कंपनीनं बघायचं, अशा समजुतीत वाढलेल्या माणसाला त्यातला डिडक्टिबल नावाचा आकडा सगळ्यात आधी बोचतो. विमा कंपनीनं हात लावायच्या आधी आपण खिशातून भरायची ती रक्कम. तो एकदा उदाहरणानं सांगून टाकते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही.

समजा डिडक्टिबल ३,००० डॉलर आहे, त्यानंतर आपला वाटा २० टक्के आणि वर्षाची कमाल मर्यादा ६,०००. हॉस्पिटलनं १८,००० डॉलरचं बिल लावलं. विमा कंपनीनं त्या हॉस्पिटलशी आधीच करार करून ठेवलेला असतो आणि त्या करारात या कामाचा दर आहे १०,०००. वरचे ८,००० कुणीच कुणाला द्यायचे नसतात. साडीवर आधी चढी किंमत लिहून मग 'खास तुमच्यासाठी' ती उतरवणारा दुकानदार आठवावा. उरलेल्या १०,०००पैकी पहिले ३,००० आपले. बाकी ७,०००चे २० टक्के म्हणजे १,४००, तेही आपले. झाले ४,४००. विमा असताना, आणि दरमहा पगारातून हप्ता कापला जात असताना. त्याच वर्षी पुन्हा काही दुखणं निघालं, तर आणखी १,६०० भरल्यावर मर्यादा गाठली जाते आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत नेटवर्कमधले, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्यांकडचे, विम्यात बसणारे उपचार फुकट. १ जानेवारीला पाटी कोरी. म्हणून तर वर्ष संपायच्या आत गुडघा उरकून घ्यायला इथे लोकांची धावपळ चालते. ही मर्यादा जास्तीत जास्त किती असू शकते हे कायद्यानं ठरवून दिलेलं आहे. २०२५ साली ती एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० डॉलर होती. दात आणि डोळ्यांची नेहमीची तपासणी यात सहसा धरलेली नसते. त्यांचा विमा वेगळा. शरीरातून हे दोन अवयव कुणी आणि का वगळले, हे विचारू नये.

हे गणित अवघड नाहीच. सातवीच्या शेकडेवारीचं आहे. अवघड आहे ती त्यातली पहिली संख्या. ते १०,००० उपचाराच्या आधी सहसा कुणी नेमके सांगू शकत नाही.

मला थायरॉइडचा त्रास तिकडे असल्यापासूनचा. इथल्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं कोपे, म्हणजे दर भेटीला आपण द्यायची ठरावीक रक्कम, घेतला, त्याची पावती दिली. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. मी सवयीनं विचारलं, "किती होतील?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, ते तुमच्या विम्यावर आहे. विमा कंपनीला फोन केला. ते म्हणाले, लॅब काय क्लेम पाठवते त्यावर आहे. लॅब म्हणाली, डॉक्टर कुठला कोड लिहितात त्यावर आहे. आणि डॉक्टर, मोठ्या सज्जन बाई होत्या त्या, हात जोडायच्याच बाकी राहून म्हणाल्या की मला खरंच कल्पना नाही. चौघांपैकी कुणीही उडवाउडवी करत नव्हतं. चौघंही खरं बोलत होते. ज्या गोष्टीची किंमत विकणाऱ्यालाही ठाऊक नाही अशी गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच विकत घेत होते.

मी मूळची मिरजेची. मिरज सतारी-तंबोऱ्यांचं जितकं, तितकंच दवाखान्यांचं गाव. कोकणातून, बेळगावकडून, सोलापूरकडून लोक पेशंट घेऊन मिरजेला येतात. त्या सगळ्याची सुरुवात करणारा माणूस मात्र इकडून तिकडे गेलेला. डॉ. विल्यम वॉन्लेस. जन्म कॅनडातला, पाठवणी अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनची. १८९४ साली त्यांनी मिरजेत हॉस्पिटल उघडलं. कागदोपत्री त्याला नंतर त्यांचंच नाव लागलं, पण माझ्या आजीच्या तोंडी ते शेवटपर्यंत 'मिशन'च होतं. तर अशा गावात वाढलेल्या मुलीच्या कानावर आजारपणाची भाषा दरासकटच पडलेली असते. सिझेरियनचं पॅकेज किती, जनरल वॉर्डात किती, सेमी-प्रायव्हेटला किती. आमचे फॅमिली डॉक्टर तपासून झालं की कंपाउंडरला हाक मारायचे, पुड्या बांधून व्हायच्या, आणि "किती झाले?" हा प्रश्न "बरंय, येतो" इतक्याच सहजपणे विचारला जायचा. उत्तर लगेच मिळायचं. पगार व्हायचा असेल तर "असू दे, पुढच्या वेळी" हेही उत्तर मिळायचं.

पण मिरजेचं कौतुक करताना काउंटरवरची अनामत रक्कम विसरून चालणार नाही. रात्री दोन वाजता पेशंट स्ट्रेचरवर आणि त्याचा मेहुणा काउंटरपाशी उभा राहून गावाकडे फोन लावतोय, हे मी पाहिलेलं आहे. इथे तसं करता येत नाही. १९८६ पासून कायदाच आहे की इमर्जन्सी विभागात आलेल्या माणसाला, तो पैसे देऊ शकतो का, त्याचे कागद काय आहेत, हे काहीही न बघता आधी तपासायचं आणि जिवावरचा धोका असेल तर तो टळेपर्यंत उपचार करायचे. म्हणजे तिकडे आधी पैसे आणि मग उपचार. इकडे आधी उपचार आणि मग पैसे, किती ते दीड-दोन महिन्यांनी टपालानं कळेल. यातलं वाईट कुठलं, हे त्या रात्री स्ट्रेचरवर कोण आहे यावर ठरतं. मला अजूनही एका बाजूनं बोलता येत नाही.

हा आरोग्य विम्याचा सगळा प्रकार आमच्याच शहरात जन्माला आला हे मला फार उशिरा कळलं. १९२९ साली डॅलसच्या बेलर हॉस्पिटलचा कारभार बघणारे जस्टिन फोर्ड किंबॉल हे गृहस्थ पूर्वी शहरातल्या शाळांचे प्रमुख होते. हॉस्पिटलच्या थकबाकीच्या वह्या बघताना त्यांना त्यात ओळखीच्या शिक्षकांची नावं दिसली. त्यांनी योजना काढली. शिक्षकांनी महिन्याला ५० सेंट भरायचे, गरज पडली तर २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च त्यातून. पुढे याच कल्पनेतून ब्लू क्रॉस या आरोग्य विमा कंपन्यांचा पसारा उभा राहिला. शिक्षकांची सोय झाली हे खरंच, पण मुळात ती हॉस्पिटलची बिलं बुडू नयेत म्हणून काढलेली युक्ती होती. हे वाचल्यावर माझ्या डोक्यातल्या बऱ्याच गाठी सुटल्या.

मग महायुद्ध. १९४२ मध्ये सरकारनं पगारवाढीवर लगाम घातला. माणसं तर हवी होती आणि पगार वाढवता येईना, म्हणून कंपन्यांनी विमा द्यायला सुरुवात केली. १९५४ च्या करकायद्यानं कंपनी भरते त्या हप्त्यावर नोकरदाराला कर नाही हे पक्कं करून टाकलं आणि विमा कायमचा नोकरीच्या दावणीला बांधला गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ मध्येच सगळ्या देशासाठी एक विमा मांडून पाहिला होता. डॉक्टरांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला आणि तो बारगळला. वीस वर्षांनी, १९६५ मध्ये, टेक्सासच्याच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. सही करायला ते मुद्दाम मिझुरीत ट्रुमनच्या गावी गेले आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांनी ट्रुमनलाच दिलं. मधले सगळे नोकरीवरच राहिले. २०१० च्या कायद्यानं त्यातली बरीच भोकं बुजवली. आधीपासून आजार आहे म्हणून २०१४ पासून कुणाला विमा नाकारता येत नाही. माझ्या थायरॉइडला इथे कुणी आक्षेप घेतला नाही तो त्यामुळे. मात्र त्या कायद्यात मेडिकेडची कक्षा वाढवायची जी सोय होती ती टेक्सासनं आजवर घेतलेली नाही, आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आहे ते याच राज्यात. आमच्या अपार्टमेंटमध्ये गवत कापायला येणाऱ्या माणसाचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा त्यानं आधी टॉवेल गुंडाळला आणि मग, रुग्णवाहिका नको, असं सांगितलं. त्याचा मुकादम त्याला पिकअपमधून घेऊन गेला.

नोकरीच्या दावणीला म्हणजे काय, ते आम्ही शेजारी बघितलं. २०२३ च्या सुरुवातीला आयटीत एका मागोमाग एक कपात चालली होती. नवऱ्याच्या मित्राची नोकरी गेली. त्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात. एचवनबीवाल्याला अशा वेळी ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची नाहीतर बिऱ्हाड गुंडाळायचं. कंपनीचा विमा तर त्या महिन्याअखेरीसच संपत होता. त्यावर इथे कोब्रा नावाचा उपाय आहे. तोच विमा सहसा १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, फक्त कंपनी भरत होती तो भागही आता आपण भरायचा आणि वर कारकुनीचे दोन टक्के. २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले नोकरदाराच्या पगारातून कापले जात होते ६,२९६. बाकीचे सव्वाएकोणीस हजारांच्या आसपास कंपनी देते, हे नोकरी असेपर्यंत कुणाला जाणवत नाही. बिनपगारी घरात महिन्याला दोन हजारांवर हप्ता आला की मग जाणवतं.

तेव्हा मंडळातल्या एका काकूंनी सांगितलेली युक्ती मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायलाही ६० दिवस असतात आणि नंतर घेतला तरी तो मागच्या तारखेपासून लागू होतो, मागचे हप्ते भरले की झालं. धडधाकट माणसानं थांबून बघावं. काही झालंच तर फॉर्म भरावा. त्या मित्राला अर्थात थांबणं शक्य नव्हतं. त्यानं पहिल्या दिवसापासून पैसे भरले, आणि मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना त्याला ओहायोत नोकरी लागली. आठव्या महिन्यातल्या बाईला घेऊन गाडी हाकत गेले ते लोक. नवी कंपनी, नवा विमा, नवं नेटवर्क, नवे डॉक्टर.

माझं बाळंतपण मात्र इथेच, एका जागी झालं. बाळंतपणाचा एक पाच आकडी कोड आहे, ५९४००. पहिल्या तपासणीपासून प्रसूती आणि नंतरच्या भेटीपर्यंत डॉक्टरांचं सगळं काम त्यात येतं, प्रसूती नैसर्गिक असेल तर. ते ऐकून मला मिरजेचं पॅकेज आठवलं आणि बरं वाटलं. मग कळलं की हे फक्त डॉक्टरांचं. हॉस्पिटलचं वेगळं, कण्यात इंजेक्शन देणाऱ्या भूलतज्ज्ञांचं वेगळं, लॅबचं वेगळं, बाळाला बघायला आलेल्या बालरोगतज्ज्ञांचं वेगळं. नैसर्गिक प्रसूती झाली तर ४८ तास आणि सिझेरियन झालं तर ९६ तास, त्याच्या आत बाळ-बाळंतिणीला घरी जा म्हणून विमा कंपनी सांगू शकत नाही, हा १९९६ चा कायदा. त्याआधी एका दिवसात घरी पाठवायचे म्हणे. माझ्या आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "अमेरिकेत बाळंतिणीला शेक-शेगडी नाही ते नाही, वर कायदा करावा लागतो तिला झोपू द्यायला!"

बाळ जन्मलं त्या क्षणापासून तो वेगळा पेशंट. त्याला ३० दिवसांच्या आत विम्यात घालायचं असतं, आणि डोळ्याला डोळा नसलेल्या त्या महिन्यात ज्या घरात हे लक्षात राहतं त्या घराला माझा दंडवत. आमच्या घरी डिंकाच्या लाडवांचा डबा अजून अर्धा होता तोवर टपालानं एक लिफाफा आला. त्यावर आडनावाच्या आधी लिहिलेलं 'बेबी गर्ल'. आम्ही हौसेनं नाव ठेवलेलं, बारसं केलेलं, पण हॉस्पिटलच्या हिशेबात माझी मुलगी 'बेबी गर्ल'च होती आणि तिच्या नावावर पैसे निघत होते.

त्या लिफाफ्यातला कागद वाचायला शिकणं हीच इथली खरी साक्षरता. त्याला ईओबी, म्हणजे 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स' म्हणतात आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे बिल नाही. मग आहे काय? हॉस्पिटलनं किती मागितले, करारात किती बसले, विमा कंपनीनं किती दिले आणि तुम्ही किती 'देणं लागू शकता'. खरं बिल हॉस्पिटलकडून वेगळं येतं. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे, आकडा जुळत असेल तरच पैसे भरायचे. जुळत नसेल तर फोन करायचा, तपशीलवार बिल मागायचं. नवऱ्यानं यासाठी एक्सेल शीट केली होती. मी शंभर पानी वही घातली. कुठल्या तारखेला कुणाशी बोललो, तो काय म्हणाला, कॉलचा नंबर काय. वही जिंकली, कारण फोनवर ताटकळत असताना एका कडेवर मूल घेऊन एक्सेल उघडता येत नाही. बेबी गर्लची एक तपासणी चुकीच्या कोडनं गेली होती आणि विम्यानं ती नाकारली होती. वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्यावर हॉस्पिटलच्या बिलिंगवाल्यांनी ती पुन्हा पाठवली आणि आमचं देणं शून्य झालं. न विचारता भरले असते तर कुणी आपणहून परत केले नसते. तशी पैशांची खरीच अडचण असेल तर तेही विचारावं. नफ्यासाठी न चालणाऱ्या हॉस्पिटलांना गरजूंसाठी सवलतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं, पण ते काउंटरवर कुणी आपण होऊन पुढे करत नाही.

कोडांचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. किमतीचे कोड वेगळे आणि आजाराचे कोड वेगळे. आजारांची यादी २०१५ मध्ये नवी आली आणि तिच्यात डब्ल्यू ६१.६२ असा एक कोड आहे, बदकाचा फटका बसणे. विमानाच्या जेट इंजिनात ओढलं जाण्यालाही कोड आहे. नवऱ्याला रात्री झोप आली नाही की तो ही यादी वाचतो. बदकापर्यंतचा विचार केलेल्या लोकांना रक्ताच्या साध्या तपासणीचा दर सांगता येत नाही, हे त्याच्या इंजिनिअर मनाला अजून पचलेलं नाही.

टेक्ससमध्ये नव्यानं आलेल्यांना आणखी एक गोष्ट दाखवावी लागते, तीही गाडीतून जाता जाता. ग्रोसरीच्या आणि पिझ्झाच्या दुकानांच्या ओळीत एक नेटका, काचेचा दवाखाना असतो. आत गर्दी नाही, कॉफीचं मशीन. शेजारच्याच ओळीत दुसरा, जवळजवळ तसाच. एकावर 'अर्जंट केअर' लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर 'इमर्जन्सी'. ताप, घसा, पाय मुरगळणं यासाठी पहिल्याकडे जायचं. दुसरा हॉस्पिटलपासून सुटा असला तरी दर मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाचे लावतो. या सुट्या इमर्जन्सी केंद्रांना टेक्ससमध्ये कायद्यानं परवाने मिळतात आणि आमच्या उपनगरांत ती जागोजाग आहेत. मुलाच्या कानदुखीसाठी दुसऱ्या पाटीच्या दारातून आत गेलेली तीन घरं माझ्या ओळखीची आहेत. तिथे मात्र मी चिडते. दोन पाट्या अशा शेजारी-शेजारी लावणाऱ्यांना रात्री अकराला कडेवर रडणारं पोर घेऊन आलेली आई काय वाचणार, हे पक्कं ठाऊक असतं.

औषधांच्या दुकानातली गंमत वेगळी. माझी थायरॉइडची गोळी नारिंगी बाटलीत मोजून मिळते. शेजारणीच्या रक्तदाबाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत ल्युपिन लिहिलेलं असतं, मुंबईची कंपनी, गोव्यात वेर्ण्याला कारखाना. आपल्याकडून निघालेली गोळी इथे आली की तिला तीन किमती होतात. विम्यातून एक, फोनवरचं कूपन दाखवलं तर दुसरी आणि विमा-कूपन काहीच न दाखवता रोख दिले तर तिसरी. कधीकधी तिसरीच सगळ्यात कमी असते. २०१८ पर्यंत काही करारांत चक्क अशी अट असायची की रोखीनं स्वस्त पडेल हे दुकानदारानं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. मग त्या अटीला बंदी घालणारा कायदा झाला. आता ते सांगू शकतात, पण त्यासाठी आपण विचारायला हवं. मी दर वेळी विचारते. काउंटरवरचा व्हिएतनामी मुलगा मला बघितलं की न विचारता तिन्ही किमती सांगतो.

आई-बाबा बाळंतपणाला आले तेव्हा त्यांच्यासाठी प्रवासी विमा घेतला होता. त्यात दोन जाती. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम मिळते, डॉक्टरच्या भेटीला इतके, खाटेला इतके, आणि इथल्या दरांपुढे ती रक्कम ओशाळवाणी असते. दुसरी महाग, पण डिडक्टिबलनंतर खऱ्या बिलाचा मोठा भाग देणारी. आम्ही दुसरी घेतली. आईला रक्तदाब आहे. जुना आजार बऱ्याच योजना वगळतात. तो 'अचानक उसळला' तरच भरपाई, तीही वयाच्या आणि तासांच्या अटींसकट. आईला मी हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे हळूहळू दुखायला लागलं तर गप्प बसायचं, आणि एकदम दुखलं तर ओरडायचं." यापेक्षा नेमकं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही.

तिच्या गोळ्यांचा हिशेब जरा चुकत होता म्हणून एकदा तिला दाखवायला नेलं. दुभाषा मागायचा हक्क आहे हे मला ठाऊक होतं, आणि मुलीनं आईचं दुखणं सांगण्यात काही गोष्टी गाळल्या जातात हेही. नर्सनं आधी विचारलं, हिंदी चालेल का? मी म्हटलं, मराठी. थोडा वेळ गेला आणि स्पीकरवर एक बाई आल्या. आवाज विदर्भाकडचा. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो डॉक्टर आत यायच्या आधीच. "तुम्ही कुठल्या?" आईनं विचारलं. आता दुभाष्यांचा नियम असा की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं जसंच्या तसं दुसऱ्या भाषेत सांगायचं. डॉक्टर नुकतेच आत आले होते. बाईंनी इमानदारीनं इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही कुठल्या?" डॉक्टर जरा गोंधळले, मग म्हणाले, "मी मूळचा कॅन्ससचा." तेही मराठीतून आईपर्यंत पोचलं. आई म्हणाली, "त्यांना नाही हो, तुम्हाला!" हेही इंग्रजीत गेलं. रक्तदाब त्या दिवशी अगदी बरोबर निघाला.

पण माझ्या लक्षात राहिलं ते त्याआधीचं. भेट ठरवताना मी सांगितलं होतं की विम्याला मध्ये न घेता आम्ही स्वतः पैसे भरणार आहोत, आणि अंदाज लेखी हवा. तो आला! एका कागदावर, डॉलरमध्ये, तारखेसह. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानं खिशातून भरणाऱ्याला असा अंदाज द्यावाच लागतो, आणि प्रत्यक्ष बिल त्याच्यापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आलं तर दाद मागता येते. तोच कायदा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरच्या भूलतज्ज्ञानं वेगळं बिल पाठवण्यालाही आळा घालतो, फक्त रस्त्यावरून धावणारी रुग्णवाहिका त्यातून सुटली आहे. विमा असलेल्यांनाही असा आगाऊ अंदाज मिळावा असं त्याच कायद्यात आहे, पण ती तरतूद लांबणीवर टाकली गेली. म्हणजे महिन्याला हप्ता भरणाऱ्या मला माझ्या तपासणीचा दर कुणी सांगू शकत नव्हतं, आणि पाहुणी म्हणून आलेल्या माझ्या आईला तिचा दर कागदावर मिळाला. आईला यात नवल काहीच वाटलं नाही. "विचारलंस म्हणून सांगितलं," म्हणाली.

ते लोक परत गेल्यानंतर पुढच्या हिवाळ्यात बाबांचा मोतीबिंदू काढायचा ठरला. मिरजेत ही बोलणी दोन मिनिटांची असतात हे मला माहीत होतं. इंडियन लेन्सचे इतके, इम्पोर्टेडचे इतके, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. बाबांनी दवाखान्यात फोन लावला आणि विचारलं, किती होतील? तिकडची मुलगी म्हणाली, "काका, मेडिक्लेम आहे का?" बाबा म्हणाले, "ते नंतर. आधी दर सांगा." ती म्हणाली, "काका, मेडिक्लेम आहे का ते कळल्याशिवाय कसा सांगणार?"

आमच्याकडे राहून, माझी शंभर पानी वही चाळून गेलेला माणूस तो. म्हणाला, "बरं, मग असला तर किती आणि नसला तर किती, दोन्ही सांगा. मी लिहून घेतो."

दोन्ही मिळाले. त्यांच्यात फरक किती होता ते बाबांनी मला फोनवर सांगितलं, पण मी इथे लिहिणार नाही. मिरजेत सगळे सगळ्यांना ओळखतात.